महिन्याला येणारे अठरा हजार हे व्याज नाही

पेडण्याहून एका वाचकांनी विचारलंय की टुरिझम थीमचा एक नवीन फंड येतोय, एनएफओ आहे म्हणजे फंडाची पहिलीच विक्री, 10 रुपयांना युनिट, आणि दुसरीकडे जुन्या फ्लेक्सी कॅप फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 190 च्या आसपास, तर महिन्याचे 18,000 कुठे टाकू? त्यांना स्वतःला 10 रुपयेवाला बरा वाटतो, युनिट भरपूर मिळतील आणि वाढायला जागा आहे म्हणून. वय 52, वेर्ण्याला फार्मा कंपनीत नोकरी, पगार वर्षाला 18 लाखांच्या आसपास. बायको मांद्र्याला दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. मोपाच्या बाजूची वडिलोपार्जित जागा विकली त्यातले 30 लाख वाट्याला आले, ते दोन वर्षांपूर्वी बँकेतल्या माणसाने बॅलन्स्ड अ‍ॅडव्हांटेज फंडात घालून दिले.

पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. "महिना 20 हजार व्याज सांगितलं होतं पण 18 च येतात, 2 हजार बँकेची फी असावी. फंडाची किंमत आता 28.60 लाख दाखवतेय पण व्याज चालू आहे त्यामुळे काळजी नाही."

काळजी आहे. म्हणून तुमचा प्रश्न पटकन संपवतो आणि मग या दोन ओळींकडे येतो.

10 रुपये स्वस्त आणि 190 महाग असं काही नसतं. 1 लाख टाकले तर एकीकडे 10,000 युनिट मिळतील, दुसरीकडे सव्वापाचशे, आणि दोन्ही फंडांतले शेअर 12 टक्के वाढले तर दोन्हीकडे तुमचे 1 लाख 12 हजारच होणार. फंड म्हणजे आतले शेअर, युनिट हे फक्त वाटे. नारळाचे चार तुकडे केले काय आणि आठ केले काय, खोबरं तेवढंच. त्यात थीमॅटिक फंडाला किमान 80 टक्के पैसे त्या थीममध्येच ठेवावे लागतात, थीम पडली तरी मॅनेजरला बाहेर पडता येत नाही. तुमच्या घरात टुरिझमचा पैसा आधीच येतोय, 2020 मध्ये त्या दोन खोल्या किती महिने बंद होत्या ते आठवा. बचत पण त्याच धंद्यात कशाला? तर एनएफओ नको.

आता ते "व्याज". म्युच्युअल फंडात व्याज नसतं, ठरलेले 20 हजार तर नसतातच. तुम्हाला जो पर्याय दिलाय त्याला पूर्वी डिव्हिडंड म्हणायचे आणि लोकांना वाटायचं की हे वरचं काहीतरी मिळतंय, म्हणून सेबीने, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 1 एप्रिल 2021 पासून ते नावच बदलायला लावलं, आता इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉवल, आयडीसीडब्ल्यू. कॅपिटल विड्रॉवल म्हणजे भांडवल काढणं, नावातच लिहिलंय, आणि तरीही काउंटरवर बसलेला माणूस पन्नाशीतल्या माणसाला ते व्याज म्हणून विकतो याचा मला खरंच राग येतो. ज्या दिवशी पैसे तुमच्या खात्यात येतात त्या दिवशी एनएव्ही तेवढ्यानेच खाली येते. उजव्या खिशातले डाव्या खिशात. किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे फंड कंपनी ठरवते, उद्या बंद केलं तर कुठे तक्रार करायलाही जागा नाही.

हिशोब बघा. दोन वर्षांत 20 हजाराने (18 तुमच्या हातात आणि ते कापलेले 2, त्यांच्याकडे पुढे येतो) 4.80 लाख बाहेर आले. उरले 28.60. बेरीज 33.40, म्हणजे दोन वर्षांत फंडाने कमावले 3.40 लाख. तुम्ही काढले 4.80. वरचे 1.40 लाख हे तुमच्या जागेचेच पैसे, तुम्हाला परत दिले आणि तुम्ही व्याज समजून खूश होतात. 3.40 म्हणजे वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास, साध्या 7 टक्क्यांच्या एफडीने 4 लाखाच्या वर दिले असते. फंड वाईट आहे असं मी म्हणत नाही, बॅलन्स्ड अ‍ॅडव्हांटेज हा प्रकार बाजार महाग वाटला की शेअर कमी करतो, स्वस्त झाला की वाढवतो, तेजीत तो मागे राहणारच आणि दोन वर्षं हा त्याला जोखायचा काळ नव्हे. वाईट आहे तो तुम्हाला दिलेला पर्याय.

आणि ते 2 हजार बँकेची फी नाहीत. तो टीडीएस आहे, 10 टक्के, फंड कंपनी कापते आणि तुमच्या पॅनवर भरते. म्हणजे हे उत्पन्न इन्कम टॅक्सवाल्यांना माहीत आहे, तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या वर्षाच्या नोंदींच्या उताऱ्यात, दिसतंय. फी समजत होतात याचा अर्थ रिटर्नमध्ये दाखवलेलं नसणार, मला तरी तसंच वाटतंय. एप्रिल 2020 पासून ही रक्कम आपल्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स भरावा लागतो, त्यातले 1.40 लाख मुद्दल होतं तरी पूर्ण 4.80 वर.

इथे आपल्या गोव्याची एक गोष्ट आहे जी बाहेरून बदली होऊन आलेल्या बँकेच्या माणसाला बहुतेक माहीत नसते. पोर्तुगीज सिव्हिल कोडखाली लग्न झालेलं असेल आणि आधी वेगळा करार केलेला नसेल तर पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरतात, ते 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं 5ए कलम. वर्षाच्या 2.40 लाखातले 1.20 तुमचे आणि 1.20 बायकोचे, नाव कोणाचंही असो. मांद्र्याच्या खोल्यांचं भाडं पण तसंच निम्मं तुमच्याकडे येतं. 20 टक्के स्लॅब धरला तर तुमच्या वाट्यावर वर्षाला 24 हजार टॅक्स, बायकोच्या वाट्यावर बहुतेक काहीच नाही. कापलेला टीडीएस पण निम्मा तिचा, पण तो परत मिळवायचा तर तिचा रिटर्न वेळेत जायला हवा, कारण उशिरा भरायच्या अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही. तुमचा मागचा हिशोब मात्र अपडेटेड रिटर्न भरून, वरचा टॅक्स आणि व्याज देऊन नीट करता येतो. नोटीस यायची वाट बघू नका, 5ए नीट कळणारा इथलाच सीए गाठा, मडगावला पणजीला म्हापशाला कुठेही मिळेल.

आता मुळात तुम्हाला हे 18 हजार हवेच नाहीयेत ना, तुम्ही ते परत फंडातच टाकायला निघालाय! म्हणजे एका फंडातून स्वतःचे पैसे काढायचे, त्यावर टॅक्स भरायचा, आणि उरलेले दुसऱ्या फंडात घालायचे. यातलं पहिलं पाऊलच उचलू नका. त्याच फंडाच्या ग्रोथ पर्यायात, जिथे पैसे बाहेर न येता आतच वाढतात, स्विच करा, आणि करतच आहात तर डायरेक्ट प्लॅनमध्ये करा, त्यात मध्ये कमिशन घेणारा कोणी नसतो. तुमच्या स्टेटमेंटवर रेग्युलर लिहिलेलं असेल, त्यातून दरवर्षी कमिशन जातं, पाऊण ते एक टक्का धरला तरी 28 लाखावर एकवीस ते अठ्ठावीस हजार झाले, आणि या सल्ल्यासाठी. डायरेक्ट प्लॅन जानेवारी 2013 पासून आहेत, ते त्या माणसाने सांगितलं नसणार.

स्विच म्हणजे टॅक्सच्या दृष्टीने विक्री. पण तुम्ही 30 ला घेतलं आणि 28.60 ला विकणार, म्हणजे कागदावर 1.40 लाखाचा लाँग टर्म तोटा, टॅक्स शून्य. रिटर्न वेळेत भरला तर हा तोटा आठ वर्षं पुढे नेऊन नंतरच्या लाँग टर्म नफ्यातून वजा करता येतो. दोन वर्षं झाली त्यामुळे एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याबद्दल फंड कापतो ती रक्कम, तोही बहुतेक संपला असेल, फंडाच्या कागदावर एकदा बघून घ्या.

रिटायरमेंटनंतर महिन्याला पैसे लागतील तेव्हा ग्रोथमधूनच एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे दर महिन्याला थोडी युनिट विकून पैसे खात्यात घ्यायचे, रक्कम तुम्ही ठरवायची, आणि टॅक्स फक्त विकलेल्या युनिटच्या नफ्यावर. इक्विटी गणला जाणारा फंड असेल तर एक वर्षानंतरच्या नफ्यावर 12.5 टक्के आणि वर्षाला 1.25 लाखापर्यंतचा नफा माफ, आणि 5ए मुळे ही माफी तुम्हा दोघांना वेगवेगळी.

एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली गुंतवणूक, करायचीच असेल तर पगारातून करा, 10-15 हजार, आणि तो 190 वाला फ्लेक्सी कॅप चालेल, मोठ्या मधल्या छोट्या कुठल्याही कंपन्या घ्यायची मोकळीक असते त्याला, निवृत्तीला सहा वर्षं आहेत तेवढा वेळ किमान द्याच. स्विचचा फॉर्म भरायला बँकेत जायची गरज नाही, फंड कंपनीच्या वेबसाइटवर होतं. गेलात तर तो माणूस परत एनएफओचा फॉर्म पुढे करेल, आणि चवथीच्या आधी त्यांची टार्गेटं असतात.