बर्फाखालची सरोवरे शोधण्याच्या कामासाठी परदेशी निघण्यापूर्वी

नाशिकहून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हवाई रडारने ध्रुवीय बर्फाखालची सरोवरे शोधण्याचे काम करायचे असल्यास कोणत्या देशात जावे, त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढून पदव्युत्तर पदवी घ्यावी काय, आणि सातपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स टेस्टिंगचा जो अनुभव मिळाला आहे तो तिकडे कोणी विचारात घेईल काय. मीही नाशिकचीच, आणि गेली काही वर्षे जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे राहून याच प्रकारचा डेटा हाताळते. तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र हे काम प्रत्यक्षात काय असते यावर ठरतात, म्हणून आधी त्याविषयी.

थंड बर्फातून रेडिओ लहरी बऱ्याच खोलवर जातात. बर्फात त्यांचा वेग एका मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर असतो, त्यामुळे चार किलोमीटर जाडीच्या बर्फाचा तळ गाठून परत यायला लहरीला ४८ मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. विमानाच्या पंखांखाली किंवा पोटाखाली लावलेल्या अँटेना अशा लहरी सोडतात आणि परतलेला प्रतिध्वनी नोंदवतात. तळाशी खडक असेल तर परतणारी ऊर्जा विखुरते. पाणी असेल तर, शांत सकाळी गंगापूर धरणाच्या पृष्ठभागावरून उजेड जसा एकसंध परततो तसा, प्रतिध्वनी तेजस्वी, सपाट आणि सलग येतो. केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी अमेरिकन व डॅनिश सहकाऱ्यांबरोबर ६० मेगाहर्ट्झच्या रडारने अशा नोंदी ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतल्या, आणि १९७३ मध्ये ऑस्वाल्ड व रॉबिन यांनी अंटार्क्टिकातील १७ सरोवरांची माहिती प्रसिद्ध केली. अंटार्क्टिकातील व्होस्तोक सरोवराचा खरा विस्तार, म्हणजे जवळजवळ २५० किलोमीटर लांबी, १९९६ मध्ये उपग्रहाची मोजणी आणि जुन्या रडार व भूकंपीय नोंदी एकत्र पाहिल्यावर स्पष्ट झाला. २०२२ च्या जागतिक सूचीत अशा ७७३ सरोवरांची नोंद असून त्यांपैकी ६७५ अंटार्क्टिकात आणि ६४ ग्रीनलँडमध्ये आहेत.

एवढे वाचून काम सोपे वाटेल, पण अडचण येथूनच सुरू होते. वरचा बर्फ जितका उबदार तितका तो लहर अधिक शोषतो, आणि बर्फाचे आतील तापमान आपल्याला बहुतेक ठिकाणी अंदाजानेच धरावे लागते. तो अंदाज चुकला की कोरडा तळही पाण्यासारखा चमकू लागतो. म्हणून केवळ तेज पाहून चालत नाही. सरोवराच्या छताचा, म्हणजे बर्फ व पाणी जेथे भेटतात त्या पातळीचा, उतार बर्फाच्या वरच्या पृष्ठभागाच्या उताराच्या उलट दिशेला आणि त्याच्या साधारण अकरापट असावा लागतो, कारण बर्फ व पाणी यांच्या घनतेतील फरक थोडा आहे आणि सरोवराच्या पृष्ठभागावर दाबाचा समतोल राहायला हवा. ही कसोटी मला स्वतःला तेजापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते, तरीही तीही पुरेशी नाही. २०१८ मध्ये कॅनडातील डेव्हन बेटावरच्या हिमटोपीखाली, म्हणजे तेथे पसरलेल्या बर्फाच्या जाड थराखाली, अतिखारट पाण्याची सरोवरे असल्याचे रडारच्या आधारे मांडले गेले होते. पुढे बर्फावर उतरून केलेल्या भूकंपीय व विद्युतचुंबकीय मोजणीतून तेथे सरोवर नसल्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट बाजूने, आइससॅट उपग्रहाने बर्फाचा पृष्ठभाग वरखाली होताना टिपला आणि त्यावरून २००९ मध्ये १२४ ‘सक्रिय’, म्हणजे भरणाऱ्या व रिकाम्या होणाऱ्या, सरोवरांची यादी तयार झाली. त्यांतील काहींवरून नंतर विमान नेले असता रडारवर सरोवराची ठरलेली खूण दिसलीच नाही. शिवाय रडार पाण्याच्या आत जात नसल्यामुळे सरोवराची खोली त्यातून कळत नाही. त्यासाठी भूकंपीय मोजणी किंवा गुरुत्वमापन लागते.

म्हणून या क्षेत्रात खरी गरज आहे ती शंका घेऊ शकणाऱ्या माणसांची: ज्यांना अँटेनाचे कॅलिब्रेशन कळते, पाठवलेली व परतलेली शक्ती यांचा हिशेब मांडता येतो, आणि पडद्यावरचा उजळ पट्टा उपकरणामुळे आहे की तळामुळे हे ओळखता येते. तुमचा टेस्टिंगचा अनुभव येथे कामी येतो. अर्जात कारखान्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिण्यापेक्षा नेटवर्क अॅनालायझर या मोजणीयंत्रावर नेमके काय मोजले, ते लिहावे. विमानात बसण्याचे आकर्षण मी समजू शकते, परंतु पीएचडीच्या काळात त्याचा एखादा हंगाम मिळतो आणि कित्येकांना तोही मिळत नाही. ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट या ध्रुवीय संशोधन संस्थेची पोलर ५ आणि पोलर ६ ही विमाने म्हणजे नवी इंजिने बसवून पुन्हा उभारलेली जुनी डीसी-३ आहेत. आवाज, थंडी आणि रडारच्या पडद्यासमोर तासन्‌तास बसणे, असा तो प्रवास असतो. उरलेली वर्षे संगणकासमोर जातात.

देशापेक्षा संशोधन गट पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत कॅन्ससमधील लॉरेन्स येथील विद्यापीठात रडार प्रत्यक्ष बनवले जातात, आणि ब्रेमरहाफेनच्या विमानांवरील १५० ते ६०० मेगाहर्ट्झचे रडारही तेथूनच आले आहे. तुमच्यासारख्या अभियंत्याला ती जागा सर्वांत जवळची. ऑस्टिन व स्टॅनफर्ड येथील अमेरिकन विद्यापीठांत प्रतिध्वनीच्या अर्थावर अधिक भर आहे, तर केंब्रिजच्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेकडे सर्वेक्षणाची दीर्घ परंपरा आहे. गोव्यात वास्को येथे आपले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, तेही विसरू नये.

कर्जाबद्दल मी सावध राहण्यास सांगेन. द्राक्षबाग किंवा घर तारण ठेवून या विषयासाठी पदव्युत्तर पदवी घेणे मला पटत नाही, कारण नोकऱ्या मोजक्या आहेत आणि बहुतेक मुदतीच्या करारावर असतात. बीईनंतर अमेरिकेत थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो आणि त्यात असिस्टंटशिप, म्हणजे अध्यापन किंवा संशोधन साहाय्याच्या कामाचा मोबदला, असते. जर्मनीत पीएचडी ही पगारी नोकरी असते, मात्र त्याआधी पदव्युत्तर पदवी हवी. ती गेट देऊन भारतातच एम.टेक. करून मिळवता येते, त्यात दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळते. जर्मनीतच मास्टर्स करायचे ठरवले, तर सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, शिवाय भारतीय पदव्यांची पडताळणी करणाऱ्या एपीएस या जर्मन केंद्राचे प्रमाणपत्र लागते. पीएचडीचा करार हातात असेल, तर खर्चाचा पुरावा म्हणून तो करारच चालतो.

यांपैकी काहीही ठरवण्याआधी घरी बसून एक काम करावे. कॅन्ससच्या गटाने केलेल्या उड्डाणांचा आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचा रडार डेटा इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. सत्तरच्या दशकातील त्या फिल्म्सही स्टॅनफर्डच्या संशोधकांनी स्कॅन करून खुल्या केल्या आहेत. व्होस्तोकवरून गेलेली एक उड्डाणरेषा घ्या, पायथन या संगणकभाषेत तिचा तळ स्वतः आखा, शोषणाची दुरुस्ती दोन वेगळी तापमाने धरून करा आणि सरोवराची सीमा किती सरकते ते पाहा. प्राध्यापकांना पहिले पत्र लिहाल तेव्हा गुणपत्रिकेच्या वर ती आकृती जोडा, आणि सीमा कोठे अनिश्चित राहिली हे तिच्याखाली दोन ओळींत लिहा.