जुन्या मित्रांकडे शहरात जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कॉलेजचे दोन मित्र मुंबईकडे स्थायिक झालेत. एक डोंबिवलीला, दुसरा बोरिवलीला. पत्नीसह चार दिवस जायचं आहे. देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट सीएसएमटीपर्यंत काढावं का? लोकलची जरा धास्तीच वाटते. (परभणी)

कल्याणपर्यंत काढा. डोंबिवली कल्याण आणि ठाण्याच्या मधे आहे. सीएसएमटीला उतरलात तर तेवढंच अंतर पिशव्यांसकट उलटं यावं लागेल. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी किंवा मे महिन्यात जायचं असेल तर त्याच दिवशी काढून मोकळे व्हा.

देवगिरी कल्याणला पहाटे पोचते. वेळेवर असेल तर मुंबईकडच्या लोकलला तेव्हा गर्दी बेताची असते. ठाकुर्ली गेलं की डोंबिवली. गाडी लेट होऊन सात वाजून गेले, तर सामान घेऊन लोकलच्या नादी लागू नका, कल्याणहून सरळ रिक्षा करा. मित्राला फक्त पत्ता विचारून भागत नाही. घर पूर्वेला की पश्चिमेला, हे आधी विचारा. रुळांनी गावाचे दोन भाग केलेत. चुकीच्या बाजूला उतरलात तर सगळं ओझं घेऊन परत पूल चढायचा.

बोरिवली दुसऱ्या लाइनवर आहे. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथं पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग बोरिवली. दादरचे फलाट आता दोन्ही रेल्वेंचे मिळून सलग १ ते १४ आहेत; पश्चिमेचे १ ते ७. जुना माणूस सांगतो तो नंबर धरून बसू नका. इंडिकेटरवर ‘बोरिवली’ पाहूनच चढा. विरार फास्ट बोरिवलीला थांबते खरी, पण संध्याकाळी त्या गर्दीतून बोरिवलीला दारापर्यंत पोचणं नवख्याचं काम नाही, आणि विरारकरांची बोलणी बसतात ती वेगळीच. दारापासून दारापर्यंत दोन तास धरा, सव्वादोन झाले तर नवल नाही.

गर्दीचा हिशोब सोपा आहे : सकाळी आठ ते अकरा मुंबईच्या दिशेने, संध्याकाळी साडेपाच ते नऊ मुंबईतून बाहेर. म्हणून डोंबिवलीतून अकरानंतर निघा. संध्याकाळी बोरिवलीहून दादरला बसून याल, पण दादर ते डोंबिवली त्या वेळी सगळ्यात वाईट. त्यापेक्षा एक रात्र बोरिवलीलाच राहा. रविवारी मेगाब्लॉक असतो, दुपारच्या बऱ्याच गाड्या रद्द होतात किंवा दुसऱ्या रुळांवरून जातात; वेळापत्रक शनिवारीच पाहून ठेवा. गर्दी असली तर वहिनींना लेडीज डब्यात बसू द्या. कुठं उतरायचं आणि कोणत्या पुलाखाली भेटायचं, हे चढण्याआधी ठरवा. आणि फलाट कुठल्या बाजूला येणार ते शेजाऱ्याला एक स्टेशन आधी विचारा. मुंबईत हा प्रश्न सगळेच विचारतात.

प्रश्न : पुण्याच्या मैत्रिणीसाठी गावाकडचं काय न्यावं? ज्वारीचं अर्धं पोतं न्यायचा विचार आहे. (लातूर)

पोतं नको. वन बीएचकेत कोठी नसते. पोतं बाल्कनीत पडतं आणि पावसाळ्यात त्याला पोरकिडे लागतात. शहरातल्या पुष्कळ गिरण्यांत गहू दळल्यावर त्याच जात्यावर ज्वारी टाकतात, म्हणून पीठच न्या. मालदांडी ज्वारीचं दोन किलो पुरे, किलोच्या दहा-बारा भाकरी होतात. निघायच्या आदल्या दिवशी दळा आणि परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावरच बांधा. गरम पीठ डब्यात कोंडलं की दमट होऊन वास धरतं. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नाही; पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेला फाटते. पंधरा दिवसांत संपवायला सांगा. राहिलंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून थापावं.

येसर (आमटीला लावायचं भाजलेलं मसाल्याचं पीठ), शेंगदाण्याची चटणी आणि बोरसुरीची तूरडाळ बिनधास्त न्या. धपाटे न्यायचे तर कांदा आणि दही वगळून करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आंबतात. केशर आंबा पिकलेला नेऊ नका; पाडाला आलेला, देठ ठेवून, गवतात बांधून न्या, आठवडाभरात घरीच पिकेल. कुंथलगिरीचा पेढा हिवाळ्यात ठीक. एप्रिलच्या उन्हात बसमध्ये खवा टिकवायचं धाडस करू नका.

प्रश्न : मित्राचा पगार माझ्या दुप्पट, पण तो सतत तंगीत. शहर परवडतं की गाव, हे कसं पाहावं? (अंबाजोगाई)

एका कागदावर दोन रकाने करा. त्याच्या बाजूला घराचा हप्ता, सोसायटीचा मेन्टेनन्स, शाळा, प्रवास. तुमच्या बाजूला लोक नेहमी विसरतात ते खर्च : उन्हाळ्यातले टँकर, इन्व्हर्टर, मोठ्या दवाखान्यासाठी संभाजीनगर किंवा सोलापूरच्या फेऱ्या, मुलाला क्लाससाठी लातूरला ठेवण्याचा खर्च. तुमच्या घराचं भाडं तुम्ही देत नाही, म्हणून ते फुकट असं नाही. तसंच घर गावात भाड्याने किती पडलं असतं तो आकडा तुमच्या रकान्यात धरा.

मग तास मोजा. रोज तीन तास प्रवास आणि महिन्याला २२ दिवस नोकरी म्हणजे ६६ तास, आठ तासांचे आठ दिवस भरतात. जागाही मोजा : ४५० चौरस फुटांचा फ्लॅट अर्ध्या गुंठ्यापेक्षाही लहान, कारण गुंठा १०८९ चौरस फुटांचा. पाण्यात मात्र तोच पुढे. मुंबईला सात तलावांचं पाणी जातं, आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. हा कागद स्वतःसाठी ठेवा; त्याच्या घरी बसून फ्लॅटची किंमत विचारू नका.

प्रश्न : मित्राकडेच उतरावं की लॉजवर? (जालना)

बाथरूम किती, एवढंच फोनवर विचारा. एकच असेल आणि घरातली माणसं साडेसातला निघत असतील, तर तुम्ही साडेपाचच्या आत आंघोळ उरका किंवा सगळे गेल्यावर करा. नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं तेही विचारून घ्या. गाडी घेऊन जाणार असाल तर नंबर आदल्या दिवशी मित्राला कळवा, म्हणजे तो वॉचमनकडे नोंदवून ठेवेल. पुष्कळ सोसायट्यांत पाहुण्यांची गाडी आत घेत नाहीत आणि मग रात्री अकराला रस्त्यावर जागा शोधत फिरावं लागतं.