एकटी नाईट, दोन कौन्सिल आणि टोचलेली सुई

या खेपेला नर्सेसकडून आलेल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत. नावे मुद्दाम गाळली. बेळगावात कोण कुठल्या दवाखान्यात आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असते.

प्रश्न : बेळगावातल्या खासगी हॉस्पिटलात आहे. नाईटला जनरल वॉर्डात २८ पेशंट, मी एकटी नर्स आणि सोबत मदतनीस म्हणून एक मावशी. काही झालं तर जबाबदार कोण? (खानापूर तालुका)

दोघेही. माणसे कमी ठेवल्याबद्दल हॉस्पिटल, आणि तुमच्या हातून जे झाले किंवा राहिले त्याबद्दल तुम्ही. भारतीय परिचर्या परिषदेचा (इंडियन नर्सिंग कौन्सिलचा) निकष असा : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक, वर रजेसाठी ३० टक्के जादा. या हिशेबाने तुमच्या वॉर्डात रात्री एकटी नर्स कमीच. निकष कागदावरच राहतो, हे मला काय सांगता! पण तुमची तक्रारही तोंडीच राहते, त्याचे काय?

रिपोर्टबुकात रोज एक ओळ लिहा : "नाईट, पेशंट २८, स्टाफ १, ऑपरेशनचे ३, ऑक्सिजनवर २." गाऱ्हाणे नको, नुसते आकडे. इनचार्ज सिस्टर कुरकुर करतील, करू देत. उद्या चौकशी बसली तर तुमच्या बाजूने बोलणारी तेवढी एकच ओळ असेल.

पाळी बदलतानाचा हँडओव्हर काउंटरवर घेऊ नका. जाणाऱ्या सिस्टरचा जीव शेवटच्या बसमध्ये अडकलेला असतो हे खरे, तरी तिला प्रत्येक खाटेपाशी न्या. सलाईन किती उरली, कॅन्युलाची (शिरेत घातलेल्या नळीची) जागा सुजली आहे का, लघवीच्या पिशवीत काय आहे, ड्रेसिंग ओले आहे का, हे डोळ्यांनी बघा. मग पहिली फेरी ऑक्सिजनवाल्यांची आणि ऑपरेशनवाल्यांची. ज्याने इन्सुलिन घेतले आणि "भूक नाही" म्हणून जेवणाचा डबा तसाच ठेवला, त्याच्या नावापुढे खूण करा. पहाटे तीनला साखर उतरून घामाने डबडबलेला सापडतो तो हाच. आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा, मग डॉक्टरांना फोन.

फोनवरची ऑर्डर मोठ्याने परत म्हणून दाखवा, वेळ घालून लिहा आणि सकाळी सही घ्या. औषध देताना "तुम्ही पाटील ना?" असे विचारू नका. आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील निघतात, एक मराठी, दोन कन्नड, आणि गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. पूर्ण नाव त्यालाच सांगू द्या, केसपेपरवरच्या नंबरशी ताडून बघा. तुमचे कन्नड किंवा त्याचे मराठी तोकडे पडले तर दुखते तिथे बोट ठेवायला लावा. मान डोलावली म्हणजे समजले, असे धरून चालू नका.

प्रश्न : माहेर निपाणी, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) बेळगावातून, नोंदणी कर्नाटकची. लग्नानंतर कोल्हापूरला आले. इथले हॉस्पिटल म्हणते, आधी रुजू व्हा, कागद मागाहून बघू. होऊ का? (कोल्हापूर)

नको. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचे तर मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी. त्यासाठी बंगळूरच्या कर्नाटक कौन्सिलकडून पडताळणी आणि ना-हरकत आणावी लागते. निपाणीहून कोल्हापूर तासाभराचे, कागद मात्र बंगळूर-मुंबई फिरून येतो. कर्नाटकच्या नोंदणीची मुदत संपली असेल तर आधी तिचे नूतनीकरण करून घ्या. "रुजू व्हा" म्हणणाऱ्यांना स्वस्तात हात मिळतात. औषधात काही गडबड झाली की बिननोंदणीची नर्स म्हणून बोट तुमच्याकडेच.

अर्ज अडतात ते बहुधा नावावर. दहावीच्या मार्कशीटवर नाव आणि नुसती आद्याक्षरे, जीएनएमच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, लग्नानंतर आधारवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. कारकुनाच्या लेखी या तीन वेगळ्या बायका. आधार अजून बदलले नसेल तर नोंदणी हातात येईपर्यंत बदलू नका, सासूबाई काहीही म्हणोत. बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद तयार ठेवा.

प्रश्न : नोकरी देताना हॉस्पिटलने माझी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली. आता सोडायची म्हटले तर देत नाहीत. (अथणी)

प्रमाणपत्र तुमचे आहे, गहाण ठेवायची वस्तू नाही. परत मागणारा अर्ज लेखी द्या, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. तरी दिली नाहीत तर वकिलाची नोटीस. बहुतेक ठिकाणी अर्जावर शिक्का बसला की कपाटाची किल्ली सापडते. बाकीच्यांनी मुळात झेरॉक्सच द्यावी, मूळ प्रत फक्त दाखवावी.

प्रश्न : इंजेक्शननंतर टोपण लावताना सुई बोटात घुसली. सिनियर म्हणाली, रक्त पिळून काढ आणि स्पिरिट लाव. भीती वाटते. (चिकोडी)

पिळायचे नाही, तोंडात घालायचे नाही, स्पिरिटही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच इनचार्जना सांगा. लपवणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या. ओरडा बसेल म्हणून त्या नेमके महत्त्वाचे तास घालवतात. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्यात. ७२ तास उलटले की उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. गोळ्यांसाठी सरकारी जिल्हा रुग्णालयात विचारणा करा. ज्या पेशंटची सुई होती त्याचीही तपासणी करायला लावा.

भीतीचे म्हणाल तर एचआयव्ही बाधिताची सुई टोचूनही लागण होण्याचे प्रमाण हजारात सुमारे तीन. खरा धोका कावीळ बी चा (हिपॅटायटिस बी) : लस नसेल तर तो शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. त्यावर लस आहे : पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. तुमचे तिन्ही डोस झाले आहेत का, हे पत्रात लिहिलेले नाही. झाले असतील तर अँटिबॉडी टायटर, म्हणजे लसीने रक्तात तयार झालेल्या संरक्षक घटकांचे प्रमाण, तपासा, १० च्या वर हवे. झाले नसतील तर आजच डॉक्टरांना तसे सांगा, कारण अशा वेळी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटिबॉडीचे इंजेक्शन) लागू शकते आणि ते जितके लवकर तितके बरे. आणि वापरलेल्या सुईला टोपण लावायचे नसते, सरळ नीडल कटरमध्ये.