मुलाला खिडकी द्या आणि पुढे काय येणार ते सांगत राहा

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आठ वर्षांच्या मुलाला ठाण्याहून नागपूरला रेल्वेने न्यावं का. घरचे विमानाचा आग्रह धरतायत, इतके तास गाडीत तो कंटाळेल म्हणतायत. आणि आमच्या लहानपणी आम्ही गाडीत बसून करायचो तरी काय, हेही विचारलंय. उत्तर लांबणार आहे, कारण ही वाट माझ्या आजोळची.

रेल्वेनेच न्या.

आमचं घर ठाण्याच्या नौपाड्यात आणि आजोळ अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीला. सत्तरच्या दशकातलं सांगतेय. आमची गाडी ठाण्याला थांबत नसे. त्यामुळे होल्डॉल, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन आधी लोकलने उलटं दादरला जायचं आणि तिथे गाडी पकडायची. पण त्यामुळे एक गंमत व्हायची. तासाभरात तीच गाडी ठाणे स्टेशनातून न थांबता धडधडत जायची आणि आम्ही भावंडं खिडकीच्या गजांना चिकटून आपला रोजचा प्लॅटफॉर्म, तिथे लोकलची वाट पाहत उभी असलेली माणसं बघायचो. आपल्याच गावातून पाहुण्यासारखं जाताना काय वाटायचं ते आजही शब्दांत नीट येत नाही. मग खाडीचा पूल, कळवा, आणि लगेच पारसिकचा बोगदा. सगळा डबा ओरडायचा. १९१६ साली हा सव्वा किलोमीटरचा बोगदा झाला, त्याआधी सगळ्या गाड्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जात, हे बाबांनी तिथेच, त्या अंधारात सांगितलेलं.

मुलं कंटाळत नसत त्याचं कारण हे बाबा होते. तेव्हा सुखसोयी काहीच नव्हत्या. तिसरा वर्ग १९७४ साली कागदोपत्री गेला, पण आमच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यातले बर्थ लाकडी फळ्यांचेच होते. त्यांवर दोन इंचांचा फोम आला तो मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर, म्हणजे १९७७ नंतर. आमच्या घरात त्या माणसाचं नाव आजही आदराने घेतलं जातं. आजीची पाठ त्या फळ्यांवर किती दुखायची ते आम्ही पाहिलं होतं. बाबांच्या मांडीवर मात्र रेल्वेचं टाईमटेबल असायचं. पुढचं स्टेशन कोणतं, किती किलोमीटरवर, गाडी किती मिनिटं मागे आहे, हे आम्ही आळीपाळीने पाहायचं. आणि प्रत्येक ठिकाणाच्या थोडं आधी ते सांगायचे, "आता बघा हं, काय होतंय ते." जे घडणार आहे ते आधी कळलं की मूल जागं राहतं, वाट बघतं. हे मी नंतर माझ्या मुलांवर आणि आता नातीवरही पाहिलंय.

सगळ्यात मोठी वाट बघायची ती कसाऱ्याची. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत जेमतेम पंधरा किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी सुमारे ३०० मीटर वर चढते. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्याच्या मानाने हे काही नाही, पण लोखंडी रुळांवर लोखंडी चाकं असली की हा फार तीव्र चढ होतो. एकटं पुढचं इंजिन अख्खी गाडी ओढू शकत नाही, म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. कसाऱ्याला गाडी थांबली की बाबा म्हणायचे, "आता मागून धक्का येईल." आम्ही श्वास रोखून बसायचो. थोड्या वेळाने तो धक्का डबा-डबा करत आमच्यापर्यंत यायचा आणि तांब्याची फिरकी वाजायची. त्या काळात घाटात जुनी, लांब नाकाची विजेची इंजिनं होती. रेल्वेतली माणसं त्यांना ‘खेकडा’ म्हणत. थांबलेलं असतानाही ते इंजिन कण्हल्यासारखा आवाज करायचं.

जाताना घाट अंधारात जायचा, त्यामुळे बोगद्यांचा नुसता आवाज मोजायचा. घाट दिसायचा तो परत येताना, सकाळच्या उजेडात. उतरताना मध्येच एखादा रूळ मुख्य मार्गातून फुटून वरच्या अंगाला चढत जातो आणि तिथेच संपतो. तो कुठेच का जात नाही, हे मी बाबांना विचारलं होतं. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, एरवी त्या चढाच्याच बाजूला लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबते, ती ताब्यात आहे याची खात्री पटते, मगच तिला खालचा रस्ता खुला होतो. ब्रेक लागलेच नाहीत तर सुटलेली गाडी दरीकडे न जाता त्या चढावर चढून थांबावी, म्हणून ही सोय. ती सोय करणाऱ्यांबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे. तुमच्या मुलाला हे नक्की दाखवा. या वयात असं काही कळलं की ते जन्मभर लक्षात राहतं.

इगतपुरीला इंजिन बदलायचं. मुंबईकडे १५०० व्होल्टची डीसी वीज आणि इगतपुरीच्या पुढे २५,००० व्होल्टची एसी, त्यामुळे एकाचं इंजिन दुसरीकडे चालायचं नाही. आता सगळा मार्ग एकाच विजेवर आहे. तो थांबा लहान झाला, पण प्लॅटफॉर्मवर उतरून पाय मोकळे करण्यातली आणि मेमधली घाटमाथ्यावरची पहिली गार झुळूक अंगावर घेण्यातली मजा त्याबरोबर गेली याचं मला वाईट वाटतं.

मनमाड, चाळीसगाव झोपेत जायचं. भुसावळला मात्र आई उठवायची, कारण मला वाफेचं इंजिन बघायचं असायचं. भुसावळच्या पुढे तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या. अर्ध्या रात्री तिथे दिवसासारखी जाग असायची. केळीवाले, चहावाले, डब्यांच्या छपरावर पाण्याचे पाइप घेऊन चढलेले कर्मचारी. पहाटे शेगाव आलं की आजी खिडकीतूनच गजानन महाराजांना हात जोडायची आणि बाबा कचोरीसाठी उतरायचे. मुंबईकडचे लोक कर्जतच्या वड्याचं कौतुक करतात, करू देत. सकाळी सकाळी, दात न घासता खाल्लेल्या शेगावच्या कचोरीला माझ्या लेखी तोड नाही. इथून फेरीवाल्यांची बोलीही वऱ्हाडी झालेली असायची, आणि आईची तर त्यांच्या आधीच.

मूर्तिजापूरला आम्ही उतरायचो आणि शकुंतला नावाच्या छोट्या गाडीत बसायचो. साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरून अडीच फूट रुंदीच्या रुळांवर! यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना ती जायची, आम्ही अचलपूरच्या गाडीत. १९९४पर्यंत तिला वाफेचंच इंजिन होतं. कोळशाचे कण डोळ्यांत जायचे, आई पदराचं टोक करून काढून द्यायची. अंजनगावला पोचेपर्यंत आमच्या चेहऱ्यांवर काजळी आणि मामाच्या पानमळ्याची ओढ, दोन्ही असायचं. पुढे ती गाडी बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून तिकडचे लोक मागणी करत असतात, आणि मी मनापासून त्यांच्या बाजूची आहे.

आता तुमच्याबद्दल. जाताना शक्यतो दुपारी सुटणारी गाडी बघा, म्हणजे कसारा घाट उजेडात मिळेल. मेमध्ये सातपर्यंत दिसतं. वातानुकूलित डब्याला मी नाव ठेवत नाही, मुलाला उन्हाचा त्रास होत असेल तर तोच घ्या. पण बंद काचेतून ना बोगद्याचा आवाज आत येतो ना स्टेशनांचा वास. एका बाजूने तरी साधा स्लीपर घेता आला तर घ्या, रात्रीच्या प्रवासाला उन्हाची अडचण नाही. मोबाइल बॅगेत ठेवा आणि स्टेशनांची यादी त्याच्या हातात द्या, त्यालाच खुणा करू देत. लांबच्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला आजही बँकर लागतो, तेव्हा कल्याण गेलं की सांगायला सुरुवात करा. मनमाड उजेडात मिळालं तर अंगठ्यासारखा उभा सुळका दाखवा, त्याला हडबीची शेंडी म्हणतात.

खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाण्याची चटणी पुरे. दशम्यांचं पीठ दुधात भिजवा, पाण्यात नको, मेच्या उकाड्यात पाण्याच्या पोळ्या दुसऱ्या दिवशी टिकत नाहीत. आणि शेगावला गाडी फार वेळ थांबत नाही, तेव्हा कचोरीचे सुटे पैसे आधीच काढून ठेवा.