पाऊस आला की टीव्ही का जातो? आणि वाचकांचे आणखी दोन प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आमचं गाव चिपळूणजवळ आहे, घरावर डीटीएचची छत्री बसवून सात वर्षं झाली. उन्हाळ्यात चित्र एकदम स्वच्छ, पण पावसाची मोठी सर आली की पडद्यावर चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो आणि मग सिग्नल नाही असं लिहून येतं. कधी कधी तर अंगणात पाऊस नसतोच, नुसतं मळभ असतं, तरी जातं. बाजारपेठेत भावाकडे केबल आहे, त्याची चालू असते. सासूबाई दिवसभर घरात एकट्या असतात, टीव्हीचीच त्यांना सोबत. मिस्त्री म्हणतो बॉक्स बदला. बदलू का?

उत्तर : ताई, बॉक्स इतक्यात बदलू नका. तुम्ही सांगताय त्यातलं जवळजवळ सगळं छपरावरचं आहे, टीव्हीखालच्या बॉक्सचं नाही.

आपल्या छत्रीवर सिग्नल येतो तो विषुववृत्ताच्या वर साधारण ३६ हजार किलोमीटरवर असलेल्या उपग्रहाकडून, आणि येतो तेव्हा तो इतका क्षीण झालेला असतो की छत्री त्याला गोळा करून समोरच्या एलएनबीवर (छत्रीच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा) आणून सोडते म्हणून आपल्याला काही दिसतं. डीडी फ्री डिश असो की महिन्याला पैसे भरून घेतलेलं डीटीएच, घरगुती छत्र्या केयू बँडवर, म्हणजे उपग्रहाच्या लहरींच्या एका ठरावीक पट्ट्यावर, चालतात. त्याच्या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पावसाचे मोठे थेंब या लहरींना बऱ्यापैकी शोषतात आणि इकडेतिकडे उधळतात, म्हणून रिमझिम पावसात काही होत नाही आणि धो धो सर आली की जातं. तुमच्या भावाचा केबलवाला बहुतेक चॅनेल मोठ्या छत्र्यांवर सी बँड नावाच्या दुसऱ्या पट्ट्यातून घेतो, तिथली लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, पावसाला ती तितकीशी जुमानत नाही. आणि केबलवाल्याची छत्री तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे थोडा सिग्नल घटला तरी त्याच्याकडे शिल्लक राहते.

अंगणात पाऊस नसताना का जातं, तर छत्री सरळ वर बघत नाही ना. आपल्याकडच्या डीटीएचचे उपग्रह साधारण ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशावर आहेत, फ्री डिशचा ९३.५ वर, म्हणजे कोकणातून बघितलं तर सगळे आग्नेयेच्या बाजूला, तिरपे. सिग्नल तुमच्या घरापासून दोन-चार किलोमीटरवरच्या ढगांमधून खाली येतो. तुमच्याकडे त्या बाजूला सह्याद्री. तिथे सर कोसळत असेल तर तुमचं अंगण कोरडं आणि टीव्ही बंद, असं अगदी होऊ शकतं.

पूर्वी अँटेनावर सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण त्या मुंग्यांमधूनही बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलला ती सोय नाही. सिग्नल एका पातळीपर्यंत घटला तरी चित्र स्वच्छच असतं आणि त्याच्या जरा खाली गेला की एकदम सगळं जातं. म्हणूनच उन्हाळ्यात तुम्हाला सगळं ठीक वाटतं, पण ते काठावर उभं असू शकतं, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. तेव्हा आकाश अगदी मोकळं असेल त्या दिवशी बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नल क्वालिटी किती दाखवतो ते कागदावर लिहून ठेवा (स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन पट्टे असतात, क्वालिटीचा बघा). मोकळ्या आकाशातही तो पट्टा अर्ध्यावर रेंगाळत असेल तर दुरुस्तीला भरपूर वाव आहे.

सात वर्षांच्या छत्रीत काय काय होतं ते मी माझ्या आईकडे संगमेश्वरला बघितलंय. एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकते आणि आत पाणी जातं. केबलच्या टोकाचा कनेक्टर गंजतो, तांब्याची तार हिरवी-काळी पडते, आणि केबलचं वरचं साल एकदा फाटलं की पाणी आतून झिरपत खालपर्यंत येतं, आईकडे तर बॉक्सच्या मागे भिंतीवर ओल आली होती आणि आम्ही महिनाभर कौलांना दोष देत होतो. शिवाय खारट हवेने बोल्ट गंजून सैल होतात, वाऱ्याने छत्री दोनेक अंश जरी हलली तरी सिग्नल निम्म्याहून कमी होतो. आणि माड किंवा आंब्याची फांदी! सात वर्षांपूर्वी समोर नसलेली फांदी आता असेल, पावसाने जड होऊन वाकली की बरोबर आड येते.

तेव्हा मिस्त्रीला सांगा की एलएनबी आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर बदल, केबल जुनी असेल तर नवीन आरजी ६ (छत्रीसाठी वापरतात त्या प्रकारची केबल) घाल, बोल्ट गंज न धरणारे लाव आणि सिग्नल मोजायचा मीटर लावून छत्री पुन्हा नीट जुळव. एलएनबीपाशी केबल खाली झोळासारखी सोडायला सांगा म्हणजे पाणी झोळातून ठिबकून जाईल, कनेक्टरात उतरणार नाही. एवढं करूनही जोराच्या सरीत जात असेल तर ६० सेंटिमीटरच्या जागी ९० सेंटिमीटरची छत्री बसवा, तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि पावसात तेवढी जास्त शिल्लक राहते. अतिवृष्टीत मात्र तीही पाच-दहा मिनिटं जाईल, ते मान्य करावं लागतं. आगोटीच्या कामांबरोबर मे महिन्यातच हे उरकून घ्या, पावसात शेवाळलेल्या छपरावर कुणालाही चढवू नका. आणि विजा सुरू होण्याआधीच, आभाळ दाटून आलं की, सासूबाईंना नुसतं बटण बंद करायला नाही तर प्लग काढायला शिकवा, छत्रीची केबलसुद्धा बॉक्समधून सोडवायला.

अजून एक, मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी ऐन उन्हात काही मिनिटं चित्र गेलं तर घाबरू नका, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. आपोआप परत येतं.

प्रश्न : मुलीचा लॅपटॉप २०१६ चा आहे, आय थ्री सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम. चालू व्हायला दहा मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो यावर विंडोज ११ चढत नाही, नवीनच घ्या. आत्ता तेवढे पैसे नाहीत. (नांदेड)

उत्तर : दुकानदाराचं अर्धं खरं आहे. इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण लॅपटॉप हळू आहे तो त्यामुळे नाही. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असणार, टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसेल. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या) डिस्कला एक फेरी मारायलाच ११ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या ठिकाणाहून वाचायच्या असतात. त्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (काहीही न फिरणारी, चिपवाली डिस्क) बसवा आणि रॅम ८ जीबी करा (आधी रॅमचा प्रकार डीडीआर ३ आहे की डीडीआर ४ ते बघून). मुलीच्या नोट्स आणि फोटो आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, हे विसरू नका. मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून बघा, काहीही इन्स्टॉल न करता बघता येतं, लिहिणं, इंटरनेट, व्हिडिओ लेक्चर सगळं होतं, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंगसुद्धा. फक्त कॉलेजचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर ते आधी विचारून घ्या. मुलीला अजून दोन-तीन वर्षं यावर आरामात शिकता येईल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : घरून काम करतो, लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला असतो. बॅटरी खराब होईल का? (बेळगाव)

उत्तर : लिथियम आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि कायम १०० टक्के भरलेलं राहणं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असते, ती चालू करा. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नका, खालची हवा कोंडते. आणि टचपॅड वर उचललेलं वाटलं किंवा झाकण नीट बसेनासं झालं तर बॅटरी फुगलेली असू शकते, त्या क्षणी चार्जर काढा, बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. स्वतः उघडून टोचायला किंवा दाबायला जाऊ नका, ती पेट घेऊ शकते.