संचकारपत्रातले कलम ७ आणि तीन वर्षे

राजारामपुरीतला फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हणून तुम्ही ४८ लाखांना विकत घ्यायचा ठरवला, १४ जून २०२३ रोजी नोंदणीकृत संचकारपत्र (विसार देऊन केलेला खरेदीचा करार) केले, १० लाख दिले. मालकाच्या गृहकर्जाचा बोजा उतरेना म्हणून तुमच्या बँकेने कर्ज अडवले. आता मालक म्हणतो, पैसे परत घ्या. तुम्ही विचारता, नोटीस पाठवू का?

पाठवा, पण तिच्यावर विसंबू नका. सगळे कलम ७ वर आहे: ‘दस्ताच्या तारखेपासून सहा महिन्यांचे आत कर्ज मंजूर करून घेऊन उर्वरित रक्कम अदा करावी.’ म्हणजे पूर्ततेची तारीख ठरली, १४ डिसेंबर २०२३. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ५४ प्रमाणे तारीख ठरलेली असेल तर खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याला तिथून तीन वर्षे. ठरलेली नसेल तरच नकार कळल्यापासून. त्यामुळे मालकाने नकार आत्ता दिला, याचा तुम्हाला उपयोग नाही. दावा १४ डिसेंबर २०२६ च्या आत दाखल व्हायला हवा. नोटिशीने मुदत वाढत नाही, फोनवरच्या ‘थांबा, करून देतो’ने तर नाहीच. मालकाच्या सहीची एका ओळीची मुदतवाढ मागायला पाच मिनिटे लागली असती. ती का घेतली नाही, हे मला खरोखर कळत नाही. त्यात कोर्टाची दिवाळीची सुट्टी याच मुदतीत येते.

दुसरा कस तयारीचा, विशिष्ट अनुतोष अधिनियम (ठरलेला करार कोर्टामार्फत पुरा करून घेण्याचा कायदा) कलम १६(क). २०१८ च्या दुरुस्तीनंतर खरेदीखत करून देण्याचा हुकूम न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेला नाही, पण संचकारपत्र झाल्यापासून आजपर्यंत तुम्ही पैशानिशी तयार होता, हे कागदाने दाखवावे लागते. ३८ लाख बाकी आहेत. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ४८ लाखांवर ३८.४० लाख, पण तिच्या मूल्यांककाने किंमत कमी धरली तर फरक तुमच्या खिशातून. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तर ती धरतच नाही. तेवढी शिल्लक दाखवणारी खात्याची पाने काढा. मुदत संपलेले मंजुरीपत्र पुरणार नाही, नवे घ्या. बँकेने मालकाच्या बोजाबद्दल लिहिलेले पत्र सर्वांत मोलाचे. अडथळा त्याच्या बाजूने होता, हे त्यातूनच दिसते.

म्हणून नोटिशीत नुसते ‘खरेदी करून द्या’ लिहू नका. मालकाच्या बँकेचा बाकीदाखला आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी १५ दिवसांत मागा, आणि तुमची बँक त्याचे कर्ज थेट त्या खात्यावर फेडेल, असे कळवा. तसे आधी बँकेकडून लेखी घ्या. यातून व्यवहार होऊन जाण्याचीही शक्यता आहे.

दाव्यात पर्यायी मागणी म्हणून १० लाख व्याजासह मागाच. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ती लिहून मागावी लागते. कोर्ट फी ४८ लाखांवर बसेल, संचकाराच्या रकमेवर नव्हे. दावा दाखल होताच त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ती नोंदल्याशिवाय प्रलंबित दाव्याचे संरक्षण, म्हणजे दावा चालू असताना फ्लॅट दुसऱ्याला विकला तरी तुमचा हक्क टिकणे, मिळत नाही. मालकाने फ्लॅट दुसऱ्याला विकू नये अशी कोर्टाची मनाई मिळेल का, हे संचकारपत्रातली बाकीची कलमे वाचल्याशिवाय सांगणार नाही. ‘निर्वेध (बोजामुक्त) करून देण्याची जबाबदारी विक्रेत्याची’ असे कुठे लिहिले आहे का, ते आजच पाहा.