एकेकाळी जिंकून देणाऱ्या मॅनेजरला, फुटबॉल क्लब घसरला की काढावं का?

लगेच तर नाहीच. खेळाडूंनी त्याचं ऐकणंच सोडलं असेल तर गोष्ट वेगळी. जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबचं बघा. मॅनेजर युर्गन क्लॉपने 2011 आणि 2012 अशी लागोपाठ दोनदा बुंडेसलीगा (जर्मनीची अव्वल लीग) जिंकून दिली आणि 2015च्या फेब्रुवारीत तोच संघ गुणतक्त्यात तळाला, 18वा! हुकमी गोल करणारा लेवांडोव्स्की प्रतिस्पर्धी बायर्न क्लबला गेलेला, त्यात दुखापतींनी कंबर मोडलेली. यात एकट्या मॅनेजरचा दोष किती? क्लबने त्याला ठेवलं. संघ 7वा आला, जर्मन कपच्या अंतिम फेरीतही पोचला. हंगामाअखेर क्लॉप गेला तो स्वतःच्या निर्णयाने, मानाने.

इंग्लंडच्या लेस्टर क्लबने मात्र मॅनेजर रानिएरीला लीगच्या विजेतेपदानंतर नऊ महिन्यांत घरी पाठवलं. त्यानंतर संघ सावरला, हे मान्य. तरी तो निर्णय मला आजही खटकतो.